सुभेदारांची टेंपरवारी

आमच्या गावात आज बघण्यासारखं जे काही उभं आहे, ते सगळं एकाच माणसाने उभं केलं आणि त्यातलं काहीही कायमचं म्हणून उभं केलेलं नाही. साताऱ्याहून सांगलीकडे निघालात की मध्ये कृष्णेच्या काठाला आमचं गाव लागतं. एस.टी.तून उतरलेला पाहुणा चौकातला बिनशिंगांचा दगडी बैल बघतो, बागेतला उघडा रंगमंच बघतो, माझ्या दुकानाची भिंत बघतो आणि म्हणतो, "वा! नगरपालिका रसिक दिसते." नगरपालिका कसली रसिक! रसिक होते ते तिच्या कला समितीचे अध्यक्ष, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. त्या माणसाने माझी भिंत घेतली. ती कशी घेतली हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला बादली दाखवता दाखवता सांगत आलो आहे. आता लिहूनच ठेवतो, घशाला तेवढीच विश्रांती.

बहात्तरचा दुष्काळ सरला, नळाला पाणी आलं, आणि गावाने कलेसाठी काहीतरी करावं असं नगरपालिकेला वाटलं. समित्या वाटायची सभा भरली. पाणी आणि रस्ते यांच्यावर सगळे तुटून पडले, कला समितीकडे कुणी बघेना. निवडून आलेले सुभेदार त्या दिवशी सभेला न येता शेतात उसाला पाणी देत होते, म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली. समितीला जकात नाक्यामागची एक खोली मिळाली. खोलीत एक कपाट, चार सतरंज्या आणि लाउडस्पीकरचा एक पोचे पडलेला कर्णा. दुसरा कुणी असता तर कुलूप लावून मोकळा झाला असता. सुभेदारांनी आधी खोली झाडली, मग नियम वाचले. कायमचं काही उभारायचं तर सभेचा ठराव, त्यावर वरची मंजुरी, म्हणजे जन्माचं काम. तात्पुरत्या कामाला मात्र समितीने कुणाला विचारायची गरज नव्हती. सुभेदारांना एवढी फट पुरेशी होती. पलटणीतून ते एक शब्द घेऊन आले होते, टेंपरवारी. "आमी टेंपरवारी बराकीत उमर काढली," ते म्हणायचे, "पक्की बराक काय बघितली न्हाई. पर टेंपरवारी बराक पडल्याली बी कवा बघितली न्हाई."

तेव्हापासून गावात कला सुरू झाली ती टेंपरवारी. वडूजकडच्या एका पाथरवटाने बैल घडवला होता. घडवताना त्याचं एक शिंग तुटलं, म्हणून जोडीला शोभावं या हिशेबाने त्याने दुसरंही उडवलं, आणि आता तो बैल कुणी घेईना. सुभेदारांनी तो बैलगाडीतून आणवला, चौकात चार विटांवर ठेवला आणि पाथरवटाला महिनाभर आपल्या घरी जेवू घातलं. लोक विचारत, "सुभेदार, शिंगं कुठं हायती?" सुभेदार सांगत, "बैल टेंपरवारी हाय. शिंगं परमनंटला येतील." पुढे बेंदूर आला. गावातल्या बायकांनी घरच्या बैलांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळीचा घास ठेवला. नंतर रस्ते समितीच्या अध्यक्षांनी वाहतुकीला अडचण होते म्हणून तो हलवा अशी तक्रार केली. सुभेदार एकदम कबूल. "हालवा की. फकस्त पुढल्या बेंदराला येऊन तुमच्या हातानं हालवा, बाया हजर असत्यात." बैल अजून तिथेच आहे, आणि विटाही त्याच.

बागेतल्या रंगमंचावरच्या कार्यक्रमांची तऱ्हा याहून वेगळी. शाहीर असो, भजनी मंडळ असो की लेझीम, सुभेदार स्वतः सतरंज्या अंथरत आणि लोकांना रांगेत बसवत. पुढे उंच माणूस बसला की काठीने खांद्याला टोचून मागे पाठवत. कलावंताला ते कधी मध्ये थांबवत नसत. पण कुणी लांबण लावली की व्यासपीठासमोर ताठ उभे राहून कडक सलाम ठोकत, आणि तो हात समोरचा थांबेपर्यंत खाली येत नसे. एका भजनी बुवांना वाटलं, सुभेदार भक्तीने उभे आहेत. त्यांनी आणखी दोन अभंग घेतले. सुभेदारांचा हात थरथरायला लागला, पण उतरला नाही. शेवटी बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "असा श्रोता जन्मात मिळाला न्हाई." सुभेदारांनी त्यांना पुढच्या वर्षीही बोलावलं. मात्र सुपारी देताना म्हणाले, "बुवा, यंदा म्या बसून ऐकणार हाय."

आता माझ्या भिंतीकडे येतो. मी या गावात आलो तो हातगाडी घेऊन. बादल्या, कंदील, चाळण्या घेऊन गल्लीगल्लीतून ओरडत फिरलो. मग टपरी, मग भाड्याचा गाळा, आणि शेवटी एस.टी. स्टँडसमोरच्या कोपऱ्यावर स्वतःची दोन मजली इमारत. तिची बाजूची भिंत अशी, की गावात उतरणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडणार. त्या भिंतीवर माझं नाव लावायचं होतं, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. हातगाडीवाला म्हणून ज्या गावाने मला 'ए' करून हाक मारली, त्याने मान वर करून माझं नाव वाचावं, एवढीच माझी इच्छा. पत्र्याची अक्षरं कापून तयार होती. आणि चुना वाळायच्या आत सुभेदार भिंतीपुढे उभे. मुलगी बघायला आल्यासारखे न्याहाळत होते.

"शेट, ही भिंत तुमची व्हय?"

"मग काय तुमच्या पलटणीची?"

"लय सरळ हाय. समितीला द्या की. टेंपरवारी."

"किती दिवस?"

"दिवस मोजले की ते परमनंट झालं, शेट."

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "हितं माझं नाव लागणार हाय." ते म्हणाले, "भिंतीवर चितार काढायचं हाय. नाव चितारात बसत न्हाई." मग आमचा सौदा सुरू झाला. मी पुरुषभर अक्षरांवरून हातभर अक्षरांवर आलो, हातभरावरून बोटभरावर, तीही कोपऱ्यात. सुभेदार शून्यावरून तसूभर हलेनात. सौद्यात मी भल्याभल्यांना पाणी पाजलं आहे. पण ज्या माणसाला स्वतःसाठी काहीच नको, त्याला कुठून पकडायचं? शेवटी ते म्हणाले, "नाव न्हाई, पर तुमची हातगाडी घेतो चितारात. नाव वाचाया शिकलेला माणूस लागतोय. हातगाडी समदं गाव वळखतंय." आणि मी हो म्हणून बसलो. आयुष्यात सौदा हरलो तो तेवढाच.

चित्र काढायला सांगलीहून नाटकांचे पडदे रंगवणारे चाचा आले. मुक्काम सुभेदारांच्या माडीवर, जेवण त्यांच्याच घरी. चाचांनी आधी भिंतीच्या दोन्ही कडांना लाल मखमली पडदा रंगवला, गोंड्यांसकट. मी विचारलं, हे कशाला? चाचा म्हणाले, "पडदा नसंल तर चित्र उघडायचं कसं, शेटजी?" त्या उघडलेल्या पडद्यातून वरपासून खालपर्यंत कृष्णा आली, डोंगरातून निघून सांगलीच्या घाटापर्यंत. उसाच्या गाड्या आल्या, नावा आल्या, आणि खाली काठावरच्या बाजारात माझी हातगाडी आली. एकेक कंदील हुबेहूब. पण गाडीमागच्या माणसाची पाठ! तोंड नदीकडे, गावाकडे पाठ. आणि समोर गिऱ्हाईक एकही नाही. मी भर रस्त्यात दंगा केला. "नाव न्हाई ते न्हाई, तोंड बी न्हाई? ह्यो मी हाय हे कुणाला कळणार?" सुभेदारांनी काठी टेकली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाठ दिसती म्हंजे माणूस कामात हाय. तोंड दावत बसणाऱ्यानं इमारत बांधली न्हाई, शेट."

मी दुकानात जाऊन बसलो. पण अक्षरं माळ्यावर तेलाचा हात मारून जपून ठेवली, आणि दर दिवाळीला विचारायचो, "सुभेदार, टेंपरवारी संपली का?" ते म्हणायचे, "संपत आली."

त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मी भेटायला गेलो. एवढा ताठ माणूस खाटेत घडी घातल्यासारखा दिसत होता. मला बघून उशीवरून मान उचलली.

"शेट, भिंत परत घ्या. म्या टेंपरवारी मागितली हुती. शबुद म्हंजे शबुद."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर राग आला तो असा, की पायातली वहाण फेकावी. "आता देताय व्हय? तेल लावून बी अक्षरं गंजली माझी."

"लिंबू लावून घासा. कवा घेताय सांगा."

"बघू," मी म्हणालो. "दिवस मोजले की परमनंट होतंय."

सुभेदार हसले, हसता हसता खोकले. त्यांच्या मंडळींनी पाणी आणलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून बाहेर आलो. ती आमची शेवटची भेट.

नंतर सुभेदारांचं काहीतरी स्मारक व्हावं अशी चर्चा सभेत निघाली. ठराव, मग वरची मंजुरी. चर्चा जिथल्या तिथे राहिली. एके दिवशी मी भिंतीला परांची बांधली. गाव गोळा झालं. शेट आता चुना मारणार असं सगळ्यांना वाटलं. मी सांगलीहून चाचांना बोलावलं होतं. वय झालं होतं त्यांचं, पण परांचीवर ते एकटेच चढले. त्यांनी विचारलं, "शेटजी, तुमचं तोंड इकडं फिरवू का आता?"

"राहू द्या. समोर गिऱ्हाईक उभं करा," मी म्हणालो. "ताठ. हातात काठी. तोंड गावाकडं."

चाचांनी डबा उघडला. "सरसातल्या कच्च्या रंगात करू, की पक्क्या ऑइलमध्ये?"

"ऑइलमध्ये. पर कुणी विचारलं तर टेंपरवारी हाय म्हणून सांगा."

विचारायला नगरपालिकेतून माणूस आला, त्याला मी तेच सांगितलं, आणि तो निमूट गेला. आता रोज दुकान उघडताना नजर भिंतीकडे जाते. सुभेदार हातगाडीसमोर उभे आहेत, काठीने माझी बादली वाजवून बघताहेत, आणि चेहऱ्यावरून स्पष्ट दिसतंय की दर त्यांना पटलेला नाही. मीही त्यांच्याकडे पाठ केलेली नाही. सौदा चालू आहे.