अधिकातलं ताट

आमचे यजमान ठाण्याला कचेरीत कारकून होते. अंगाने इतके सुटलेले, की जोडा घालायला वाकले तरी धाप लागे. रात्री आडवं होता येत नसे. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपत. मध्येच श्वास अडके, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

वैद्यबुवांनी बजावलं, "तूप, गोड, दुपारची झोप बंद. जवाची भाकरी, पालेभाजी, लोणी काढलेलं ताक. आणि रोज पहाटे चालायचं. नाहीतर माणूस हातचा जाईल."

मी कंबर कसली. त्यांना उठवून कोपरीच्या खाडीपर्यंत पिटाळायची. ते चिडायचे, माझ्या भाकरीला वैरण म्हणायचे, पण जायचे. उन्हाळा सरता सरता वाटेत न टेकता परत येऊ लागले. एकदा तर चक्क उशीवर डोकं ठेवून झोपले. मी शेजारी बसून रडले.

तेवढ्यात अधिक महिना लागला आणि कल्याणहून आईचा सांगावा आला. अधिकात जावयाला जेवू घालून अनारशांचं वाण द्यायचंच असतं. मी पोचल्या पोचल्या आईला चुलीपाशी गाठून सगळं सांगितलं.

"अगं, तीन वर्षांनी येतो हा महिना," ती म्हणाली. "एका दिवसानं काय होतंय?"

वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची तेव्हा सोय नव्हती. पंगत बसली तेव्हा मी दाराआड उभी. आई अनारशांवर तूप ओतायची, यजमान हात आडवा धरायचे, की तिच्या डोळ्यांत पाणी. पंगतीतले माझे मामा ओरडायचे, "जावईबापू, लाजता काय!" यजमानांची धाप मला दारापर्यंत ऐकू येत होती. मला राहवलं नाही.

"पुरे करा हो!" मी ओरडले.

मग मामा हसले, "असं होय! घरात राज्य कोणाचं ते कळलं."

यजमान लालबुंद झाले. आडवा धरलेला हात त्यांनी मागे घेतला. आईला म्हणाले, "वाढा."

ताटातलं सगळं संपवूनच ते उठले. ठाण्याला परतल्याच्या दुसऱ्या पहाटे मी हाक मारली, तर तोंड फिरवून बसले. पुन्हा खाडीकडे गेले नाहीत. जवाची भाकरी वाढली की ताट सरकवायचे. मी पाया पडले, भांडले, उपाशी राहिले. मामांचं ते हसणं काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

दिवाळीच्या आधीच यजमान गेले. आई धावत आली, माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माझ्या हातचं पोटभर जेवले गं, तेवढंच समाधान."

मी तिचे हात सोडवले आणि आत गेले.