धाकटी खोटी ठरली त्याची गोष्ट

नाही गं, हा सोन्याचा पारखी नव्हे. भिंतीवरचं चित्र खरं की खोटं, ते सांगणारा पारखी. असतो असाही धंदा! एकजण रस्त्यावरच्या भिंतीवर फुकट चित्र काढून जातो, दुसरा ती भिंत कापून नेतो, तिसरा कागदावर शिक्का मारतो आणि चौथा ते दिवाणखान्यात टांगतो. ज्याने काढलं त्याला कुणी विचारतंय? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले.

तर आपली धाकटी. माझी जाऊ, तुझी धाकटी आजी. तीस वर्षं तिने गावाच्या हौदावर हॉटेलांच्या चादरी धुतल्या. अनवाणीच, कारण डाव्या पायाला सहा बोटं, बूट कोण शिवणार? कुणी हसलं की म्हणायची, "तुझी पाच मोजून घे आधी, एखादं झिजलं असेल." जीभ अशी, की बोलली की ऐकणाऱ्याचे दोन तुकडे.

एका सकाळी जाऊन बघतो तर हौदामागच्या भिंतीवर हीच! चादर पिळतेय, ओठ मुडपलेत, डावा पाय पुढे, सहाच्या सहा बोटं पसरलेली. कोपऱ्यात एवढासा मासा. तो चित्रकार नावाऐवजी मासाच काढतो म्हणे, त्याला बघितलेलं मात्र कुणी नाही. धाकटी म्हणाली, "मेल्याने नाक किती जाड काढलंय!" पण दुसऱ्या दिवसापासून चित्राखालची जागा तिने कुणाला दिली नाही. बायका येता-जाता भिंतीलाच म्हणायच्या, "सरक गं जरा, बादली ठेवू दे."

मग तो व्यापारी आला. अत्तराचा वास पुढे, माणूस मागे. त्याने कचेरीतून कागद आणला, की भिंतीला ओल आलीय, दुरुस्ती करायची. अगं, हौदाच्या भिंतीला ओल येणार नाही तर काय धूळ येणार? आणि कामाला गवंडी बोलावला कोण, तर आपले भाऊजी, धाकटीचाच नवरा! त्यांना सांगितलं, चित्र जपून ठेवतो, भिंत सुकली की परत लावू. भाऊजी भोळे सांब. चित्रावर खळीने कापड चिकटवलं, मागून करवत घातली आणि जखमेवरची पट्टी सोडवावी तसं अलगद अख्खं सोडवून लाकडी चौकटीत बसवून दिलं. गाडी गेली ती व्यापाऱ्याच्या दुकानात.

घरी धाकटीने त्यांना धुतलं. "अहो, स्वतःची बायको स्वतःच्या हाताने कापून दिलीत!"

"मला काय ठाऊक तो विकणार आहे म्हणून?"

"तुम्हाला चुना तेवढा ठाऊक. तोही दुसऱ्यानेच लावला!"

चार दिवस हेच धुणं चाललं. मग कळलं, पारखी येणार आहे आणि चित्र कुठनं काढलं ते सांगायला भाऊजींना बोलावलंय. धाकटी म्हणाली, "मीही येणार. पाय दाखवणार आणि सांगणार, ही मी आहे, माझी मला परत द्या." मी गेले सोबत, ती कुणाला चावू नये म्हणून.

दुकान कसलं, आरसाच. जमिनीत आपलं तोंड दिसत होतं. पारखी आला, गळ्यात भिंग, चेहरा असा की जगाने ह्याचं काहीतरी चोरलंय. रंग हुंगला, मासा तपासला, "हं, हं" करत राहिला. व्यापारी हात चोळत होता. मी आपलं सहज विचारलं, "खरं ठरलं तर?"

"उद्याच परदेशी बोटीवर चढेल, आजी."

"आणि खोटं ठरलं तर?"

"मग काय, मातीच. ज्याला हवी त्याने न्यावी."

मी धाकटीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तेवढ्यात पारखी खाली वाकला आणि मोजायला लागला. एक, दोन... सहा! परत मोजलं.

"नक्कल आहे," म्हणाला. "इतका अचूक हात असलेला माणूस बोटं मोजायला चुकणार नाही. नक्कल करणारे अडाणी असतात. पाय बघा, किती ओंगळ!"

ओंगळ! बाई गं. धाकटीचे कान लाल झाले. ज्या पायासाठी ती जन्मभर भांडली, त्याला हा तिच्या तोंडावर ओंगळ म्हणतोय. भाऊजी म्हणाले, "अहो साहेब, पण हिचा..." मी त्यांना असा चिमटा काढला की अजून वळ असेल. धाकटीने पाय खुर्चीखाली ओढला, मी वरनं माझी पिशवी ठेवली. आणि धाकटी काय म्हणाली माहितीये? खाली मान घालून म्हणाली, "साहेब बरोबर बोलतात. असा पाय कुठे असतो का?"

तिच्या तोंडून एवढं गोड पहिल्यांदाच ऐकलं मी. ओठ असा चावला होता, की रक्त यायचं बाकी होतं.

व्यापाऱ्याचं अत्तर तिथेच उडालं. "न्या उचलून," म्हणाला. धाकटी म्हणे, "तो खोटेपणाचा कागदही द्या साहेब, शिक्क्यासकट. नाहीतर रस्त्यात चोर म्हणतील." दिला की! तीन दिवसांत भाऊजींनी चित्र परत जागेवर बसवलं. पुढे आणखी दोघे आले करवत घेऊन. धाकटीने पाय लुगड्याखाली ओढला आणि कागद काढला. गेले आल्या पावली.

आता हे उघड सांगितलं तरी भीती नाही. चित्र खरं म्हणायचं तर त्या पारख्याला स्वतःचा शिक्का खोटा म्हणावा लागेल, आणि तो मेला तरी म्हणणार नाही.

लिहिलंस ना? मग हे त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याला नेऊन दे. त्याच्या भिंतीवर परवा त्या माशावाल्या चित्रकाराने त्याला काढलंय, आणि काल एकजण टेप लावून मोजत होता म्हणे. त्याला सांग, पारखी आला की चित्रातल्या तुझ्या तिरळ्या डोळ्याला खुशाल नावं ठेवू दे, आणि तोवर काळा चष्मा लावून बस.