मावशींच्या गाण्याची मूळ चाल

शिकायला अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी निघाले तेव्हा सगळ्यांनी मला लोणची आणि सल्ले दिले. नगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या नर्समावशींनी मात्र काम दिलं. मावशी ख्रिस्ती. आईची नोकरी, त्यामुळे मी वाढले त्यांच्याच घरात. तांदूळ निवडताना त्या येशूच्या जन्माचं एक मराठी गाणं म्हणायच्या. चाल अमेरिकन मिशनऱ्यांनी आणली आणि आपल्या लोकांनी ती बिघडवली, अशी त्यांची पक्की समजूत. "मूळ चाल ऐकून ये गं," त्या म्हणाल्या. "मरायच्या आधी एकदा तरी नीट म्हणेन."

तिथे माझ्या सेकंडहँड रेडिओवर एक स्थानिक स्टेशन लागायचं. दिवसभर ख्रिस्ती गाणी. शनिवारी सकाळी एक म्हातारे निवेदक स्टेशनचा इतिहास सांगायचे, तोही हप्त्याहप्त्याने. म्हणे एका शेतकऱ्याच्या दुधाच्या खोलीत ते सुरू झालं. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र एकच, म्हणून रेकॉर्ड बदलेपर्यंत कुणीतरी हवापाण्यावर बोलत राहायचं. कधी मागून गाय हंबरायची. मी मुळातच चौकस. चालीचं तर विचारायचं होतंच, पण ही माणसंही बघायची होती.

"यार, कन्व्हर्ट होणारेस का?" नागपूरची रूममेट म्हणाली. "मी ड्राइव्ह करते, पण आत येणार नाही हं."

आत पहिली तीच शिरली.

तोवर स्टेशन चर्चच्या तळघरात आलं होतं आणि यंत्रं दोन झाली होती. रेडिओवरचे ते म्हातारबुवा समोर आले. मी लाजत गाणं म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. रेकॉर्डी काढल्या, जुनी भजनाची पुस्तकं चाळली, पियानोवर बसून बघितलं. शेवटी हात टेकले. म्हणाले, यातले काही सूर माझ्या पियानोत नाहीतच. ही चाल आमची नव्हे, तुमच्याकडचीच असणार.

मी खट्टू झाले. मावशींना काय सांगू? आणि मग मीच मनात गाणं पुन्हा म्हणून पाहिलं, शब्द सोडून. अरे, ही तर ओवी! जन्मभर ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हातारबुवांनी माझ्यासमोर माइक ठेवला. पुढच्या शनिवारी इतिहासाचा हप्ता बाजूला ठेवून त्यांनी माझं गाणं लावलं. त्याची कॅसेट मी सुट्टीत नगरला नेली.

मावशींनी डोळे मिटून ऐकलं. आधी म्हाताऱ्यांचं इंग्रजी निवेदन होतं, ते मी मराठीत सांगितलं: ही चाल आमच्याकडे कधीच नव्हती, ती भारतातली आहे.

"म्हणजे मी म्हणत होते तीच मूळ?"

"तीच."

"इतकी वर्षं?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. कॅसेटवरचं माझं गाणं संपलं तशा त्या सावरून बसल्या.

"मग दुसऱ्या कडव्यात तूच बिघडवलीस," म्हणाल्या आणि खणखणीत आवाजात गायला लागल्या.