आजोबाच्या छातीवरचं काळं

“चप्पल तिथंच. अन् तू बी तिथंच.”

मालक सोफ्यावरून एवढंच बोलले. मी उंबऱ्याबाहेर, बगलेत बोर्ड, हातात रंगाची पिशवी. माझं वय सत्तरीला टेकलेलं. मालक माझ्या थोरल्या पोराएवढे.

“आमी तसलं काही मानत न्हाई रे,” ते म्हणाले. “पण आई हाय घरात.”

मी चौथी नापास. जुन्या निजामी मुलखातल्या आमच्या गोरेगावच्या बाजारात जन्मभर दुकानाच्या पाट्या रंगवल्या. अक्षर माझं असं की दुसरे पेंटर बघायला थांबत. पण माणूस काढला की फसलं. लोक हसत, “पेंटर, हा माणूस हाय का डांगर भोपळा?” ते हसणं लागायचं. मरायच्या आधी चेहरा शिकायचाच, हट्ट धरला. शिकवणार कोण? एखादं खरं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं काढायचं, तोच मास्तर. आमच्या गावात हातानं काढलेलं असं चित्र एकच. मालकाच्या बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर, त्यांच्या आजोबाचं. निजामाच्या काळातलं, काच बसवलेलं.

आठ दिवस दारात बसलो. एक डोळा मिटून, ब्रश आडवा धरून नाक मोजलं, कान मोजला. गाल एका रंगाचा नसतो हे तिथं कळलं. नाकाखालची सावली काळी नसते, हिरवट असते. चहा कागदी कपात उंबऱ्यावर सरकवला जाई. माझ्या बापानं ह्याच आजोबापुढं जन्म काढला, मान खाली घालून. त्याला ह्यांचे फक्त जोडे माहीत. मी डोळे मोजून राहिलो होतो.

आठव्या दिवशी बैठकीत पाहुणे होते. मालकानं बोर्ड आत मागवला.

“हुबेहूब!” एक पाहुणा म्हणाला.

माझी छाती फुगली. मग मालक वाकले. “हे कोटावर काळं काय रे? आजोबाच्या कोटावर डाग न्हाई.”

मी दारातून भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. मला तर तिथं काळं दिसत होतं. मी हात हलवला. ते काळंबी हललं.

काच. मागं दाराचा उजेड. अन् दारात मी. माझं डोकं, माझे खांदे, वर धरलेला हात. जे दिसलं ते काढलं होतं.

“तो मी हाय, मालक.”

पाहुणे खो खो हसले. मालक हसले न्हाईत.

“आजोबाच्या छातीवर बसला व्हय? पूस.” त्यांनी बोर्ड उंबऱ्यावर सरकवला.

मी फडकं मागितलं.

“फडकं काहून? सदरा हाय की अंगात.”

सदरा काढला. बरगड्या उघड्या. एका पाहुण्यानं मोबाईल वर धरला. मी पुसायला लागलो. खोटं सांगत न्हाई, लागलो. त्या काळ्यातला माझा एक कान पुसला गेला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “गरीब हाय बिचारा. बापासारखाच.”

हात थांबला.

“न्हाई पुसत.”

“काय म्हणाला?”

“दारात तुमी बसवलं. दारातून जे दिसतं ते काढलं. चित्र बराबर हाय.”

मालकानं लाथ घातली. बोर्ड पायऱ्यांवरून मातीत गेला. ओल्या रंगाला माती चिकटली. मी उचलला, रंगाचा सदरा तसाच अंगात घातला, अन् भर बाजारातून चालत घरी आलो.

चेहरा मला आला. तो आता कुणाच्या बापाला काढून घेता येत न्हाई. पण कुणाच्या दारात बसून एक रेघ ओढणार न्हाई. ज्याला चित्र पाहिजे त्यानं माझ्या घरात यावं. मी सांगीन तिथं बसावं. मी त्याच्या डोळ्यात बघीन, पाहिजे तेवढा वेळ. तोवर त्यानं हालायचं न्हाई.