जीपच्या उजेडातली हळद

सावळेराम शूटिंगवाल्याला तोंडावर गाढव म्हणणारी पिंपरी पेंढारातली पहिली नवरी मीच. तेही माझ्याच हळदीत, अंगावरून पाणी निथळत असताना.

सावळेराम आधी मांडववाल्याकडे वायरमन होता. एका लग्नात ओल्या बल्बच्या माळेने त्याला असा झटका दिला, की तो शिडीवरून थेट विहिणींच्या पंगतीत उतरला. पुढे त्याने कॅमेरा घेतला. नवरी रडली नाही तर, "ताई, जरा रडा की, कॅसेट कोरडी जाईल," म्हणून मागे लागायचा. पण वीज आणि पाणी एकमेकांजवळ दिसलं की त्याची थट्टा बंद.

१९९७ साली माझं लग्न ठरलं. माझा भाऊ रुपेश लष्करात, जम्मूकडे. त्याला रजा मिळाली नाही. बहिणीची हळद तरी त्याला कॅसेटमध्ये दिसली पाहिजे, असा आईने ध्यास घेतला.

आता, नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती घोडेगावाहून दुपारी यायची. जीप वाटेत पंक्चर झाली आणि हळद पोचली दिवेलागणीला. अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे, त्यांना गुंडाळलेलं सूत, मधे पाटावर मी. बायकांनी हळद चोळली, गाणी म्हणत पाणी ओतलं. अंगणात नुसता चिखल झाला. सावळेरामने हॅलोजनचा फोकस लांब ओट्यावर उभा केला होता. तेवढ्या उजेडात कॅमेऱ्यात म्हणे माझं फक्त नाक दिसत होतं.

"भाऊ, फोकस जवळ आणा की," आई म्हणाली.

"न्हाई वैनी. लोखंडी स्टँड, टेप मारलेली वायर, आन खाली पाणी. करंट उतरंल पोरीच्या अंगात."

आमच्या प्रयागआत्याला नाही ऐकायची सवय नव्हती. तिने तांब्या ठेवला, ओल्या हातांनी स्टँड उचलला आणि सरळ माझ्या पाटाकडे निघाली. सावळेराम कॅमेऱ्यासकट धावला आणि त्याने बोर्डातली पिनच उपटली. सगळा काळोख. तेव्हा मी त्याला गाढव म्हणाले.

आई रडायला लागली. "माझ्या रुपेशला आता काय दावू?" ते ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला.

सावळेरामने हळद घेऊन आलेल्या जीपकडे पाहिलं. मग ओरडला, "पावणं, जीप अंगणात घ्या! बॅटरीचा उजेड हाय, बारा व्होल्टचा. भिजल्या माणसालाबी काय करत न्हाई."

जीप आली, दोन्ही हेडलाइट लागले, आणि मी अशी उजळले की सासरच्यांनीही मान्य केलं. बायकांना चेव आला, गाणी संपेनात. शेवटी जीपची बॅटरी उतरली. मग हळदीने पिवळेधमक झालेले पाहुणे धक्का मारताहेत, तेही सावळेरामने टिपलं. आता फोकस कोरड्या रस्त्यावर होता.

दिवाळीत रुपेश आला. भाड्याचा व्हीसीआर आणून सगळे बसलो. जीपच्या धक्क्यावर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "जरा मागं घ्या."

आम्हाला वाटलं, त्याला अंघोळ परत बघायचीय. त्याने मात्र जीप येण्याआधीच्या काळ्या पडद्यावर थांबायला लावलं. फोकस गेला तरी बॅटरीवरचा कॅमेरा चालूच राहिला होता. चित्र काही नाही, नुसता सावळेरामचा कापरा आवाज: "पोरगी भिजलीय, आत्याबाई! गेली असती की माझी बाय!"

रुपेशने ते पुन्हा लावलं. डोळे पुसले. "आई, मी हितं असतो तर मीबी हेच केलं असतं."

माझ्या लग्नात भाऊ नव्हता, असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.