काकांच्या प्रदर्शनातलं आमचं घर

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राच्या अंगाला आमची माडाची बाग होती आणि बागेच्या टोकाला घर. जुनं घर जांभ्या चिऱ्याचं, नळ्यांच्या म्हणजे कौलांच्या छपराचं होतं. ते पाडून काकांनी तिथं नवं बांधलं, तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आजोबा लवकर गेले, त्यामुळे काकांना बाबांनीच लहानाचं मोठं केलं. हात चित्रकलेचा आहे असं शाळेतले मास्तर म्हणाले, तेव्हा बाबांनी त्यांना मुंबईला शिकायला पाठवलं आणि स्वतः बागेत राहिले. काका आर्किटेक्ट झाले, परदेशात काही वर्षं काम करून आले, मुंबईत त्यांचं नाव झालं. आल्याआल्या ते आगबोटीने गावी आले आणि जेवताना म्हणाले, "दादा, तू माझ्यासाठी इतकां केलंस. माका तुका घर बांदून देवचां आसा."

बाबांना घर नको होतं. होतं ते चांगलं होतं. पण भावाने इतक्या हौसेने देऊ केलेलं नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कळेना. त्यांनी एवढंच विचारलं, "नळे घालूचे नाय?"

"नळे कित्याक? सिमेंटचो स्लॅब घालतलंय. वर्सावर्साक शाकारूक नको, काय नको."

असं ते घर झालं. पांढऱ्या भिंती, सपाट छप्पर, आणि समुद्राच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काचा. पडवी नाही, माळा नाही. खुर्च्यासुद्धा काकांनी स्वतः आखून सुताराकडून करून घेतल्या होत्या, वेताच्या, बुटक्या, मागे कललेल्या. आई एकदा बसून बघून म्हणाली, "भावजी, खुर्ची बरी आसा. पण बसल्यावर उठाक जमणा नाय." काका मोठ्याने हसले. आईही हसली. त्या दिवसांत घरात सगळे आनंदातच होते, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कुणाच्या वाईट मनाने झालं नाही.

मला ते घर फार आवडायचं. मार्गशीर्ष-पौषात संध्याकाळचं ऊन काचांतून थेट मागच्या भिंतीपर्यंत यायचं आणि अख्खी खोली पिवळी होऊन जायची. वर्गातल्या मुली ते बघायला यायच्या. मी त्यांना पाय धुवायला लावून आत घ्यायची.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी समुद्राकडच्या कोपऱ्यात ओल दिसली. आमच्याकडे आषाढात पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो, आणि त्यात खारं पाणी असतं. गावातली घरं त्या दिवसांत माडाच्या चुडताची विणलेली झापं बांधून पश्चिमेची बाजू झाकून घेतात. बाबांनी तशी झापं बांधली. नेमके काका भाद्रपदात गणपतीला आले. झापं अजून तशीच होती. ते अंगणात उभे राहून बघत राहिले. संध्याकाळी स्वतः शिडी लावून त्यांनी झापं सोडली. बाबा खाली शिडी धरून उभे होते.

मग दरवर्षी काहीतरी निघत गेलं. बाबांनी वर डांबर ओतलं. काकांनी मुंबईहून कसलीशी पावडर पाठवली, ती सिमेंटात कालवून लावली. पाणी एक वाट बंद केली की दुसरी काढायचं. आई स्वयंपाकघरात टोप, घमेली, कळशा मांडून ठेवायची आणि त्यांच्यामधून वाट काढत चूल गाठायची. काचांच्या चौकटी गंजून घट्ट बसल्या, खिडक्या उघडेनात. माझी मॅट्रिक झाली त्या सुमाराला स्लॅबच्या आतलं लोखंड फुगायला लागलं होतं. छताला खालून तांबूस भेगा दिसायच्या आणि अधूनमधून सिमेंटची ढलपी खाली पडायची.

बाबांनी ठरवलं, स्लॅबच्या वर वासे टाकून मंगलोरी कौलं घालायची. लाकूड कापून तयार झालं, कौलांच्या गाड्या आल्या, अंगणात थप्प्या लागल्या. आणि त्याच आठवड्यात काका आले. सोबत एक फोटोग्राफर होता.

मुंबईतल्या एका संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरणार होतं. नामवंत आर्किटेक्ट आणि सजावटकार यांच्या कामाचं, प्रत्येकाला एकेक दालन. एक दालन काकांचं. त्यात मधोमध आमच्या घराचं मॉडेल ठेवणार होते आणि चारी भिंतींवर घराचे फोटो. बाबांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दोन दिवस फोटो काढणं चाललं. अंगणातल्या कौलांच्या थप्प्या माणसं लावून मांगरामागे, बागेतल्या खोपटाच्या आड, नेल्या. कपड्यांची दोरी सोडली. सूप, पाट, रॉकेलचा डबा, वाळत घातलेली आमसुलं, देवाचं कॅलेंडर, सगळं उचलून आम्ही शेजाऱ्यांच्या ओटीवर ठेवलं. भेगांवर चुन्याचा हात फिरवला. घर इतकं मोकळं आणि सुंदर झालं की मी दारातच उभी राहिले. आत पाऊल टाकायला धीर होईना.

आम्ही तिघं माडाखाली बसलो होतो. थोड्या वेळाने फोटोग्राफर बाहेर आला आणि काकांना म्हणाला, "खिडकीपाशी कुणीतरी उभं हवं. माणूस असला की उंचीचा अंदाज येतो." काकांनी आईला बोलावलं. ती बावरली, डोक्यावरचा पदर सारखा करत आत गेली. त्याने तिला पाठमोरं उभं केलं आणि हात वर करून काचेच्या चौकटीला टेकायला सांगितलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "आता फोटो झाले. परवापासून नळे चढवूया मां?"

काकांनी पानाचा डबा बाबांपुढे सरकवला. मग म्हणाले, "दादा, प्रदर्शन होईसर थांब. बाहेरदेशातली माणसां ह्यां घर बघूक येवची आसत. वर नळे घातलंस तर ता माझां घर रवाचां नाय."

"पावसाळो इलो."

"एकच पावसाळो, दादा."

आई भांडी आवरत होती. तिने बाबांकडे बघितलं. बाबा बराच वेळ पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "बरां. एक पावसाळो काढूया."

तो पावसाळा आम्ही काढला, पण कसा ते सांगवत नाही. श्रावणातल्या एका सकाळी आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मी बाहेर न्हाणीघराकडे होते. पोतं पडावं तसा आवाज झाला. धावत गेले तर परातीत, चुलीत, सगळीकडे सिमेंटचे तुकडे, आणि आई एका कुशीवर पडलेली. छताला टोपलीएवढं खिंडार पडलं होतं आणि त्यातून गंजलेल्या सळया दिसत होत्या. तुकडा डोक्यावर पडला असता तर ती जागच्या जागी गेली असती. तो उजव्या खांद्यावर पडला.

ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, गाडी जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात नेता आलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हात पूर्वीसारखा वर जाणार नाही.

बाबा तिच्या खाटेशी येऊन बसले. "आजच तार करतंय तेका," ते म्हणाले.

आई म्हणाली, "भावजींका आताच कळवू नकात. तेंचां प्रदर्शन होऊंदे."

"तुझो हात गेलो, आणि तू प्रदर्शनाचां काय सांगतंस?"

"कळवून हात येवचो आसा काय?"

बाबांनी तार केली नाही. मला तेव्हा आईचा राग आला होता. आजही पुरता गेला आहे असं नाही. तिने मोठं मन दाखवलं असं सगळे म्हणतात. मला वाटतं, ती दमली होती. दोघा भावांमध्ये उभं राहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

प्रदर्शन थंडीच्या दिवसांत भरलं. काकांनी आग्रहाने बोलावलं, बोटीची तिकिटं पाठवली. आईने नवी इरकली नेसली, तीही मीच नेसवली, कारण तिला निऱ्या धरता येत नव्हत्या. हात पदराखाली घेऊन ती दिवसभर डेकवर बसून होती.

संग्रहालय मोठं, दगडी, आत पाऊल टाकलं की गार. एका दालनात कुणाच्या तरी गिरणीचे आणि कॉलेजांचे नकाशे होते, एकात नुसत्या खुर्च्या आणि दिवे. खुर्च्यांभोवती दोरी बांधली होती. पुढचं दालन काकांचं. मधोमध काचेच्या पेटीत आमचं घर. लाकडाचं, एवढंसं, शेजारी तारेचे माड. भिंतींवर पुरुषभर उंचीचे फोटो. फोटोखालच्या कार्डावर लिहिलं होतं की किनाऱ्याच्या हवामानाचा विचार करून हे घर उभारलं आहे. बाबांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

आणि समोरच्या भिंतीवर आई होती. पाठमोरी, पलीकडे समुद्र, उजवा हात वर उचलून चौकटीला टेकलेला. फोटो सुंदर होता. त्या घरात राहावं असं मला वाटलं. मी त्याच घरात राहत होते, हे क्षणभर डोक्यातून गेलंच होतं.

एक बाई आईपाशी आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. "तुम्ही राहता ना इथे? किती भाग्यवान आहात."

आई तिच्या ठेवणीतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "हो. समुद्र चांगला दिसतो."

तेवढ्यात माणसांतून वाट काढत काका आले. सूट घातलेला, कोटाला फूल. त्यांनी वाकून आईला नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला आईने डावा हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला. काका वर बघून म्हणाले, "वैनी, हाताक काय झालां?"

"पडलंय," आई म्हणाली.

बाबा कार्ड वाचत होते. ते वळले. "ती पडूक नाय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुझो स्लॅब पडलो. श्रावणात."

काका फोटोकडे बघत राहिले, मग आईच्या पदराकडे. त्यांचा चेहरा उतरला. "माका सांगूक होयां होतां, दादा."

"तुका मी आधीच सांगलंय. पावसाळो इलो म्हणान सांगलंय."

मागून कुणीतरी काकांना हाक मारली, पाहुणे आले होते, हार घालायचा होता. ते गेले. जाताना दोनदा मागे वळले. आम्ही भाषणांना थांबलो नाही.

परत आल्यावर माघात स्लॅबला खालून टेकू दिले आणि वर कौलं चढली. परदेशी पाहुणे खरंच आले, जीप करून, गोव्याच्या वाटेवर. कौलं बघून एकमेकांत काहीतरी बोलले, शहाळ्याचं पाणी प्यायले, समुद्राचे फोटो काढले आणि गेले. काका त्यांच्यासोबत नव्हते. गणपतीलाही आले नाहीत, त्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. बाबा त्यांचं नाव काढत नसत. पण चतुर्थीला नैवेद्य झाला की ताटं मांडताना एक ताट जास्त मांडलं जायचं, आणि मग कुणीतरी ते उचलायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने बाबांना न विचारता काकांना बोलावलं. ते लग्नाच्या आधी चार दिवस आले. केस पांढरे झाले होते. आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, डाव्या हाताने. काकांनी तांब्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी बाबा कौलांखालच्या पोकळीत नारळ ठेवायला शिडीने वर चढले. त्यांना धाप लागत होती. काका खालून एकेक नारळ वर देऊ लागले. सगळे संपल्यावर ते स्वतःही वर चढले. मी खाली उभी होते.

मग काकांचा आवाज आला. "हय कोरडां आसा."

"होय," बाबा म्हणाले. "दोन पावसाळे थेंब नाय."

एवढंच. लग्न झालं, मी कुडाळकडे सासरी गेले. काका नंतर येत राहिले, बाबा मुंबईला त्यांच्याकडे राहून आले, भाऊ भाऊ राहिले. श्रावणातल्या त्या सकाळीबद्दल मात्र त्यांच्यात पुन्हा शब्द निघाला नाही. आईचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. माहेरी गेले की मी तिची वेणी घालायची. ती समुद्राकडे तोंड करून बसायची, आणि मी घाई करायची नाही.