अंकुशरावांची कागदावरची बायको

“ही सुमन कोण?”

शैलजा मॅडमनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला. तीस वर्षं वकिली केली की कुठल्या प्रश्नाला कप खाली ठेवायचा हे कळतं.

प्रश्न मला नव्हता. शेजारच्या खुर्चीतल्या अंकुशरावांना होता. दोघांनी रजिस्टर लग्नाची नोटीस दिली होती. मॅडम चोपन्न वर्षांच्या, मूळच्या वळसंगच्या, सोलापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. अंकुशराव सत्तावन्न, मूळचे करकंबचे, इथं त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी वायर गुंडाळून द्यायचं दुकान. शाळेच्या पाण्याची मोटर वर्षातून तीनदा जळायची, त्यातून ओळख झाली. पुढे मोटर नीट चालायला लागली, तरी अंकुशराव येतच राहिले. दोघांचंही हे पहिलंच लग्न. निदान त्या सकाळपर्यंत तरी माझी तशी समजूत होती.

मॅडमचा हट्ट होता, आधी कागद, मग अक्षता. दोघांची जुनी मृत्युपत्रं, पेन्शनचे कागद, सगळं तपासून घ्यायचं. असं गिऱ्हाईक मला फार आवडतं. लग्नाआधी लोक पत्रिका घेऊन हिंडतात आणि कागद घेऊन येतात ते भांडण झाल्यावर.

तर अंकुशरावांच्या पिशवीतून निघालं एक स्कीम सर्टिफिकेट. म्हणजे काय, तर नोकरी मध्येच सोडली आणि पेन्शनचं वय अजून लांब असलं, की पीएफ ऑफिस एक दाखला देतं. इतकी वर्षं नोकरी झाली, पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळेल, आणि माणूस गेला तर ती घरच्या अमक्यांना जाईल. अंकुशराव तरुणपणी पंढरपूरकडच्या एका साखर कारखान्यात वायरमन होते, तिथला हा दाखला. त्यात कुटुंबाच्या रकान्यात छान टाइप केलेलं होतं. नाव सुमन. नातं पत्नी. जन्मतारीख एक जून.

“कुणी न्हाय ओ,” अंकुशराव म्हणाले. “ते आपलं क्वार्टरसाठी.”

“क्वार्टरसाठी बायको?”

“लग्न झालेल्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं, मॅडम. बिनलग्नाचे आमी आठ जण एका खोलीत. हंगामात तीन पाळ्या. एक झोपला की दुसरा उठून भांडी वाजवायचा. मग टाइम ऑफिसातले तात्या म्हनले, लिहू का एक बायको? मी म्हनलं, लिवा.”

मी दुसरा कागद उघडला. अंकुशरावांचं मृत्युपत्र, त्या दाखल्यानंतर सहा वर्षांनी रजिस्टर केलेलं. गावाकडची दोन एकर पुतण्याला दिलेली. वरती स्पष्ट लिहिलं होतं, मी अविवाहित आहे.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, उत्तरपत्रिका तपासतात तसे. “यातलं एक खोटं आहे. कुठलं ते कसं कळायचं?”

त्यांचं काही चुकत नव्हतं. दाखला खरा असेल तर अंकुशरावांची पहिली बायको कुठंतरी आहे, आणि ती असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यात टिकतच नाही. उद्या अंकुशरावांचं बरंवाईट झालं तर पेन्शन ऑफिस शैलजाबाईंना विचारणार, तुम्ही कोण? मी हे सगळं सांगितलं. जरा जास्तच सविस्तर सांगितलं बहुतेक, कारण अंकुशराव घाबरले. आणि घाबरलेल्या माणसानं बोलू नये ते बोलले.

“एक आयडिया हाय. लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत हायच की. आपुन मॅडमचं नाव सुमन ठिवू. कागदाला कागद जुळतुय.”

“अय्यो!” मॅडम उभ्याच राहिल्या. वळसंगकडची माणसं चिडली की आधी कानडीत चिडतात. “चोपन्न वर्षं शैलजा म्हणून जगले मी. मस्टरवर शैलजा, टाइमटेबलवर शैलजा. आता तुमच्या खोट्या बायकोचं नाव लावू? आणि ती खरी निघाली तर?” त्यांनी पर्स उचलली. “वकीलबाई, अशी कुणी सुमन नाहीच हे मला सिद्ध करून दाखवा. तोवर लग्नाचा विषय नको.”

त्या गेल्या. मी अंकुशरावांना मनसोक्त झापलं. सरकारी कागदावर खोटं लिहिता, वर ते खरं करायला अजून एक खोटं सुचवता, लाज नाही वाटत? ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, सतरा वर्षं मेसचं खातोय. मॅडमनी शाळेत मला पयल्यांदा डबा दिला, तवा निम्मा मी रातीसाठी राखून ठिवला. त्या गेल्या तर मी काय करू?” आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. माझा सगळा राग गेला. चहा मागवला.

आता प्रश्न असा, की जी नाहीच ती नाही हे सिद्ध कसं करायचं? मी पीएफ ऑफिस गाठलं. तिथले साहेब सज्जन होते, पण नियमाला पक्के.

“पत्नीचं नाव कमी करायचंय? मग घटस्फोटाचा हुकूम जोडा.”

“घटस्फोट नाही. लग्नच नव्हतं.”

“मग मृत्यूचा दाखला.”

“साहेब, मरायला आधी जन्मावं लागतं.”

“ते बरोबर आहे मॅडम. मग जन्माचा पुरावा आहे का?”

मी कपाळाला हात लावला. साहेबांचंही बरोबर होतं म्हणा. उद्या कुणीही उठून म्हणेल, माझी बायको नव्हतीच, आणि खरी बायको पेन्शनविना बसेल. शेवटी त्यांनीच वाट सांगितली. कारखाना आणि कामगार दोघांनी मिळून, नोंद चुकीची होती, असा सहीशिक्क्याचा अर्ज द्यायचा आणि सोबत काहीतरी ठोस जोडायचं. ठोस म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.

राहता राहिले ते तात्या. टाइम ऑफिस म्हणजे कारखान्यात हजेरी आणि कामगारांचे फॉर्म सांभाळणारं ऑफिस. तिथून निवृत्त होऊन तात्या करकंबला राहत होते. रविवारी माझी गाडी काढली. मॅडमना कळवलं, तर म्हणाल्या, मीही येणार. माझ्याशेजारी बसल्या. अंकुशराव मागे. मोहोळ मागे पडल्यावर मीच मोठ्यांदा रेडिओ लावला.

तात्या ओट्यावर बसले होते. मी सर्टिफिकेट दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं आणि आनंदानं मांडीवर थाप मारली.

“ही माझीच करामत! अंक्या, लई झोपला असशील न्हवं त्या क्वार्टरात?”

“तात्या, ही सुमन कोण?” मॅडम थेट मुद्द्यावर आल्या.

“सुमन? आमची मंडळी की!” तात्यांनी घराकडं बोट केलं. “फॉर्मात नाव लागतं, जन्मतारीख लागती. नाव कुटलंबी सुचंल. तारीख कुटनं आणू? मला एकाच बाईची तारीख पाठ. तीच टाकली.”

“एकट्या अंकुशरावांना?” मी विचारलं.

“छे! त्या सालात सात जणांची लग्नं लावली मी. सगळ्यांना हीच.”

दारात भांडं आपटल्याचा आवाज आला. पदर खोचलेल्या सुमनकाकू उभ्या होत्या. त्यांना हे सगळं आजच कळत होतं.

“सात?” त्या म्हणाल्या. “म्हंजे मला आठ नवरं हायती, आन सकाळपास्नं भाकरीला जळण फोडून द्यायला एक न्हाय?”

आधी मॅडम हसल्या. मग इतक्या हसल्या की ओट्यावर बसल्याच. काकूही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तात्या तेवढे कुऱ्हाड घेऊन मागच्या अंगणात गेले.

मला मात्र माझं ठोस मिळालं होतं. काकूंचं आधारकार्ड बघितलं. नाव तेच, एक जून तीच, सालही तेच, नवरा तात्या. तात्यांनी कारखान्यातल्या आणखी एका गड्याला फोन लावला, त्यानं आपल्या दाखल्याचा फोटो पाठवला. तिथंही तीच सुमन, तीच तारीख.

निघताना मॅडमनी अंकुशरावांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून चार पावलांवर, त्यामुळे मला ऐकू आलं.

“अजून काही लपवलंय? आत्ताच सांगा.”

अंकुशराव विचारात पडले. “हाय एक. त्या क्वार्टरच्या दुसऱ्या खोलीत मी कोंबड्या पाळल्या व्हत्या.”

“किती?”

“अकरा.”

“अजून?”

“न्हाय, मॅडम. शप्पथ.”

“बरं,” त्या म्हणाल्या. परत येताना त्या मागच्या सीटवर बसल्या.

पुढचं काम कष्टाचं, पण सरळ होतं. कारखान्यानं थोडे आढेवेढे घेऊन सही-शिक्का दिला. काकूंना सोलापूरला आणून त्यांचं प्रतिज्ञापत्र केलं. सही करताना काकू म्हणाल्या, “आजवर रेशनला, ब्यांकेला, सगळीकडं कुणाची तरी बायको म्हणून सही केली. कुणाची तरी बायको न्हाय म्हणून ही पयलीच.” त्यांना फार आवडलं ते. अजून कुठं करायची आहे का, असंही विचारलं. पीएफच्या साहेबांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि अर्ज घेतला. दीड महिन्यात दुरुस्ती झाली. लग्नाची नोटीस तीन महिने चालते, म्हणून निभावलं.

मृत्युपत्रंही नवी केली. लोकांना वाटतं लग्न झालं की जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदूंच्या बाबतीत तसं होत नाही, नवं करावं लागतं. मॅडमनी आपला फ्लॅट जुन्या मृत्युपत्रासारखा भाचीलाच ठेवला, पण अंकुशरावांना हयातभर राहायचा हक्क लिहिला. अंकुशरावांनी दोन एकर पुतण्यालाच ठेवली आणि दुकान मॅडमच्या नावे केलं. मॅडम म्हणाल्या, मला मोटरमधलं काय कळतंय? ते म्हणाले, “मग शिकवतो की. तुमी मला गणित शिकवा.”

रजिस्टर ऑफिसात मी साक्षीदार होते. तिथून दोघं तडक माझ्या ऑफिसात आले, पीएफचा नवा फॉर्म भरायला. माझा कारकून पेन घेऊन पुढं झाला. अंकुशरावांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. वायर गुंडाळून गुंडाळून त्यांची बोटं जाड झालेली, अक्षर गिचमिड. कुटुंबाच्या रकान्यापाशी ते आले आणि एकेक अक्षर सावकाश लिहिलं. शैलजा. पत्नी. जन्मतारीख त्यांनी कुणाला विचारली नाही. मॅडमनी फॉर्म ओढून घेतला, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तपासला. मग पेनानं कडेला एक बरोबरची खूण केली आणि तोंड खिडकीकडं वळवलं. मी सरकारी फॉर्मवर खुणा करू नका असं एरवी ओरडले असते. त्या दिवशी नाही ओरडले, नवा फॉर्म काढून दिला. अंकुशरावांनी तो पुन्हा पहिल्यापासून भरला.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी फुकटात एक सल्ला देते. फॉर्म हवा त्याच्याकडून भरून घ्या. बायकोचा रकाना तेवढा स्वतः भरा.